इव्हान इलिचची किंकाळी किती दारांपलीकडून ऐकू यावी?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझा समज चुकला असेल तर लगेच कळेल. तुम्ही इंग्लंडमध्ये कम्पोझिशन शिकता आणि टॉलस्टॉयच्या ‘इव्हान इलिचचा मृत्यू’वर तासाभराचा चेंबर ऑपेरा, म्हणजे लहान संचाचा ऑपेरा, लिहिताय. पाच गायक, नऊ वादक, लिब्रेटो, म्हणजे गायचे शब्द, तुमचाच आणि इंग्रजीत. पहिल्या वर्कशॉपमध्ये इव्हान इलिचच्या चार मोठ्या आरिया, म्हणजे एकट्याने गायची गाणी, गाऊन झाल्या, पण ऐकणारे हलले नाहीत, उलट चुळबुळायला लागले. शेवटच्या तीन दिवसांची किंकाळी कशी लिहायची इथे तुम्ही अडला आहात. शिवाय काही भाग मूळ रशियनमध्ये ठेवावा का, हेही विचारलंय.

मी पुण्यात पियानो शिकले आणि गेली चोवीस वर्षं जर्मनीतल्या लहान-मध्यम ऑपेरागृहांत कोरेपेटिटर आहे. म्हणजे ऑर्केस्ट्रा येण्याआधीचे आठवडे पियानोवर बसून गायकांकडून भूमिका बसवून घेणं हे माझं काम. अगदी नवी, शाई न वाळलेली कामं मी बऱ्याचदा बसवली आहेत. मी संगीतकार नाही, तेव्हा कुठला स्वर लिहायचा ते सांगणार नाही. कागदावरचं गळ्यात उतरताना काय होतं आणि तिसऱ्या रांगेत ते कसं पोचतं, एवढ्यावर बोलते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. सभागृह किती मोठं आहे, नऊ वादक कुठले, इव्हान इलिच गाणारा बॅरिटोन (मधल्या पट्टीचा पुरुष आवाज) विद्यार्थी आहे की मुरलेला, तालमींना किती दिवस मिळणार, यावर माझं निम्मं उत्तर बदलू शकतं. शंभर खुर्च्यांच्या खोलीत कुजबुज चालते, पाचशेच्या सभागृहात ती फुकट जाते. पण तुमची मूळ अडचण यातली कुठलीच नाही असं मला वाटतं.

तुम्ही धरून चाललाय की ही मरणाची गोष्ट आहे, म्हणून मरणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त गायला दिलंत. टॉलस्टॉयने १८८६ साली छापलेली ही बारा प्रकरणं पुन्हा वाचून पाहा. इव्हान इलिचला सगळ्यात जास्त काय छळतं? पोटातली कळ छळतेच, पण त्याहून जास्त छळतो तो खोटेपणा. तो मरतोय हे घरातल्या प्रत्येकाला माहीत आहे आणि प्रत्येक जण तो नुसता आजारी असल्यासारखं वागतो. नीट औषध घेतलं की बरा होशील, म्हणतात. त्या खोट्यात त्यालाही सामील करून घेतात, आणि सगळं आयुष्य नीटनेटकं, चारचौघांसारखं जगलेला तो माणूस सामील होतो. नाटक इथे आहे. म्हणून माझा पहिला सल्ला: आधी खोट्याचं संगीत लिहा. ते इतकं गोड, सुबक आणि ओळखीचं असू द्या की ऐकणाऱ्यालाही त्यात बसायला बरं वाटेल. ते उभं राहिलं की इव्हान इलिचला फार गावं लागणार नाही. चार आरियांची एक होईल, कदाचित एकही उरणार नाही.

याचा सगळ्यात चांगला नमुना आठव्या प्रकरणात आहे. संध्याकाळ आहे, प्रसिद्ध फ्रेंच अभिनेत्री सारा बर्नहार्ट शहरात आली आहे आणि घरच्यांनी नाटकाला बॉक्स घेतलाय. बायको, मुलगी लिझा आणि लिझाचा होणारा नवरा नटूनथटून आजाऱ्याच्या खोलीत डोकावतात. मागून शाळकरी मुलगाही येतो, डोळ्यांखाली काळी वर्तुळं घेऊन. बर्नहार्टच्या अभिनयातल्या डौलावर आणि खरेपणावर गप्पा सुरू होतात, सगळे जे नेहमी बोलतात तेच. बोलता बोलता एकाची नजर इव्हान इलिचकडे जाते. तो चमकत्या डोळ्यांनी समोर बघत असतो, रागाने. गप्पा थांबतात. ही शांतता कुणीतरी मोडायला हवी, पण कुणाची हिंमत होत नाही. शेवटी लिझा वडिलांनीच दिलेल्या घड्याळाकडे बघते आणि निघायला हवं म्हणते.

हा प्रसंग तुमच्या लिब्रेटोत नाही. मला वाटतं तो तुमच्या ऑपेराचा कणा व्हावा. चौघांचं छान, एकमेकांत गुंफलेलं, हलकं एन्सेम्बल, म्हणजे एकत्र गाणं, आणि पलंगावरचा माणूस त्यात एकही स्वर गात नाही. मग ते एन्सेम्बल मधेच तुटतं. ही शांतता स्कोअरमध्ये मात्रांनी लिहा, फर्माटावर, म्हणजे ‘हवं तेवढं थांबा’ या खुणेवर, सोडू नका. फर्माटा दिला की कंडक्टर घाबरून दोन सेकंदांत पुढे जातो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता मोजायचंही सोडलं. सात पूर्ण मोकळे बार लिहा, टेम्पो द्या. गायक मनात मोजतील आणि त्या मोजण्याचा ताण त्यांच्या चेहऱ्यावर दिसेल, तोच तुम्हाला हवाय. ते गेल्यावर इव्हान इलिचला क्षणभर हलकं वाटतं, कारण खोटं त्यांच्याबरोबर बाहेर गेलं. वेदना मात्र खोलीतच राहते.

खोट्याच्या संगीताचा दुसरा धागा डॉक्टरांचा आहे आणि तो बहुतेक जण वाया घालवतात. इव्हान इलिच न्यायाधीश आहे. नामांकित डॉक्टर त्याला तपासतो तेव्हा त्याच्या लक्षात येतं की आरोपीसमोर आपण जो चेहरा घालायचो तोच हा आपल्यासमोर घालतोय. मूत्रपिंड सरकलंय की आतड्याचा विकार आहे, एवढाच डॉक्टरांपुढचा प्रश्न. हा माणूस जगेल का, हा प्रश्नच नाही. संगीतात हे इतकं नेमकं दाखवता येतं की कादंबरीकाराला हेवा वाटावा: कोर्टात इव्हान इलिचने गायलेलीच ओळ इथे डॉक्टर त्याच्यापुढे गातो. पण त्यासाठी ती ओळ आधी पेरलेली हवी. तुम्ही दुसरं प्रकरण, म्हणजे त्याची नोकरी-बढती-लग्न, ‘कृती नाही’ म्हणून पूर्ण कापलंय. तीन मिनिटं परत आणा. एक आरोपी, एक गुळगुळीत, निर्दोष रेसिटेटिव्ह (बोलण्यासारखं गाणं), बस. डॉक्टर, कोर्टातला सहकारी, शेवटी येणारा धर्मगुरू हे सगळे एकाच बास-बॅरिटोनला, म्हणजे खोल पुरुष आवाजाला, द्या. त्यात पैसे वाचतात, आणि सभ्य आवाज एकाच गळ्यातून निघतो हे प्रेक्षकाला न सांगता कळतं.

आता इव्हान इलिचच्या मनातल्या गोष्टी. त्या सगळ्या गाऊन का दाखवता येत नाहीत, याचं कारण समजून घ्या. रशियन ऑपेरात मूळ साहित्य जसंच्या तसं गायला लावण्याची जुनी परंपरा आहे. दार्गोमिझ्स्कीने पुश्किनचं ‘पाषाणातला पाहुणा’ जवळपास शब्दशः घेतलं, ते १८७२ मध्ये रंगमंचावर आलं. रिम्स्की-कोर्साकोव्हने १८९८ मध्ये ‘मोत्झार्ट आणि सालिएरी’ तसंच केलं: दोन गायक, जेमतेम पाऊण तास. पण ते पद्य आणि तेही संवादातलं. मुसोर्ग्स्कीने १८६८ मध्ये गोगोलच्या ‘विवाह’चं गद्य जसंच्या तसं घेऊन पाहिलं, तो एका अंकावर थांबला. तरी गोगोलकडे निदान माणसं एकमेकांशी बोलतात. टॉलस्टॉयकडे निवेदक बोलतो, लांब वाक्यांत, ‘कारण’ आणि ‘तरीही’ जोडत. ते वाक्य गळ्यात घातलं की प्रेक्षकाला निबंध ऐकू येतो. तुमच्या वर्कशॉपमध्ये तेच झालं.

शब्दांचा हिशेबही बघा. माझ्या अनुभवात गायलेल्या एका मिनिटात साधारण साठ-सत्तर शब्द बसतात, संथ भागात तीससुद्धा बसत नाहीत. इंग्रजी अनुवादात ही कथा वीस हजार शब्दांच्या घरात जाते. तुमच्या तासाभरात तीन हजार शब्द मावले तरी खूप. म्हणजे सातातलं एक वाक्य ठेवायचं. वाचताना भारी वाटणारं वाक्य ठेवू नका. जे दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडावर म्हणता येतं ते ठेवा.

मनातलं बाहेर आणायचे दोन मार्ग मला पटतात. पहिला प्रोकोफिएव्हचा. ‘युद्ध आणि शांती’ या त्याच्या ऑपेरात प्रिन्स आंद्रेई मरतो तेव्हा विंगेतला कोरस अगदी हळू ‘पिती-पिती-पिती’ म्हणत राहतो. हे टॉलस्टॉयच्याच पानावर आहे, तापात आंद्रेईला ते ऐकू येतं. प्रोकोफिएव्हने त्याच्या मरणावर भाष्य केलं नाही, आंद्रेईचा कान आपल्याला दिला. इव्हान इलिचच्या बाबतीत हा कान त्याच्या कुशीतल्या कळेला द्या. कथेत टॉलस्टॉय तिला नाव देत नाही, नुसतं ‘आना’ म्हणतो, म्हणजे ‘ती’, आणि तो शब्द तिरका छापतो. रशियनमध्ये वेदनाही स्त्रीलिंगी आणि मरणही, त्यामुळे ‘ती’ कधी एकाची दुसरी होते ते वाचणाऱ्याला कळत नाही. इंग्रजीत ‘इट’ म्हटलं की ही गंमत संपते. मराठीतही मृत्यू ‘तो’, मरण ‘ते’, आणि कळ तेवढी ‘ती’. वाद्याला मात्र लिंग नसतं. एकच वाद्य निवडा, बास क्लॅरिनेट म्हणा किंवा व्हायोला, पडदे लावताना तो घसरतो आणि खिडकीच्या मुठीवर कूस आपटते तिथे त्याला पहिल्यांदा एक क्षुल्लक स्वर द्या, आणि शेवटपर्यंत ते वाद्य दुसऱ्या कशासाठीही वापरू नका.

दुसरा मार्ग नवव्या प्रकरणात आहे. एक आवाज त्याला विचारतो, तुला काय हवंय? तो म्हणतो, जगायचंय. कसं जगायचंय? पूर्वीसारखं, छान. आणि मग एकेक आठवण काढत मागे जाताना पूर्वीचं ‘छान’ हातात विरत जातं. तो आवाज कानांना ऐकू येणारा नाही, आत्म्याचा आहे, असं टॉलस्टॉय सांगतो. तुम्ही तो विंगेतल्या सोप्रानोला, म्हणजे उंच आवाजाच्या गायिकेला, दिलाय. तिथे वाद्य असू द्या. प्रश्न वाद्याने विचारावेत आणि उत्तरं तेवढी ऐकू यावीत. तुमची एकुलती एक ‘आरिया’ हीच.

इव्हान इलिचची शुश्रूषा करणाऱ्या तरुण नोकराबद्दल, गेरासिमबद्दल, दोनच शब्द, कारण तुमची त्याची मांडणी चांगली आहे. तो एकटा खोटं बोलत नाही. आपण सगळेच मरणार, मग थोडी मेहनत का करू नये, असं तो साधेपणाने म्हणून जातो. त्याला लोकगीत देऊ नका. शेतकरी आला की लोकगीत, ही शहरी माणसाची सवय झाली, आणि तीही एक प्रकारचं खोटंच. त्याला सरळ, बोलण्याच्या जवळचे स्वर द्या, टेनरच्या (उंच पुरुष आवाजाच्या) मधल्या पट्टीत. इव्हान इलिचचे पाय गेरासिमच्या खांद्यावर असताना त्याला गाता येईल का, या तुमच्या शंकेचं उत्तर: येतं. पाय वर असले की उलट कंबर मोकळी होते. अडचण मानेची असते. डोकं मागे पडलं की गळा आवळतो, म्हणून उशी जाड हवी आणि कंडक्टर दिसण्यासाठी छोटा मॉनिटर त्याच्या नजरेसमोर हवा.

इथपर्यंतचं थोडक्यात: खोट्याला गाणं, इव्हान इलिचला बहुतांशी ऐकणं, कळेला एक वाद्य, गेरासिमला साधं बोलणं. आता किंकाळी.

काही वर्षांपूर्वी एका लहान ऑपेरागृहात मरणावरचंच एक नवं काम बसवत होतो. शेवटी बॅरिटोनने खरं ओरडायचं, असं दिग्दर्शकाचं म्हणणं. तालमीत तो रोज ओरडला, मनापासून. मी पियानोवर होते, मला दिसत होतं, आणि मी दोन दिवस उशिरा बोलले. प्रीमियरच्या आठ दिवस आधी त्याचा आवाज गेला. डॉक्टरांनी दोन आठवडे बोलायलाही मनाई केली. दुसऱ्या गायकाने बाजूला उभं राहून स्कोअर हातात धरून गायलं आणि हा बिचारा नुसता अभिनय करत राहिला. तेव्हापासून कुठल्याही स्कोअरमध्ये ‘किंचाळतो’ असं लिहिलेलं दिसलं की मी पहिल्याच दिवशी बोलते. तुम्हालाही आत्ताच सांगते, लिहू नका.

त्याची गरजही नाही, कारण टॉलस्टॉयने उत्तर देऊन ठेवलंय. बाराव्या प्रकरणात तो म्हणतो, ती किंकाळी दोन बंद दारांपलीकडूनही भीती वाटल्याशिवाय ऐकता येत नव्हती. पहिल्या प्रकरणात विधवा झालेली प्रास्कोव्या फ्योदोरोव्ना सांत्वनाला आलेल्या प्योत्र इव्हानोविचला तेच सांगते: तीन दिवस तो ओरडत होता, मी कसं सोसलं माझं मला माहीत, तीन दारांपलीकडे ऐकू जात होतं. निवेदकाची दोन दारं, बायकोची तीन. एक दार वाढलं, आणि गोष्ट त्याच्या दुखण्याची न राहता तिच्या सोसण्याची झाली. तेव्हा बॅरिटोनला आत पाठवा, रंगमंचाच्या मागे दोन बंद दारांआड, आणि समोर घरची माणसं दाखवा. किंकाळीचा प्रसंग ऐकणाऱ्यांचा आहे.

स्वराचं म्हणाल तर रशियनमध्ये तो ‘नी खाचू’ म्हणून ओरडायला लागतो, म्हणजे ‘मला नको’, आणि शेवटच्या ‘ऊ’वरच ओरडत राहतो. पुरुषाच्या आवाजात ‘ऊ’चा पहिला अनुनाद साधारण ३०० हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे मिडल सीच्या (पियानोच्या मधोमधल्या सी स्वराच्या) जरा वर. तिथपर्यंत ‘ऊ’ गोल, पोकळ, घुमणारा राहतो. बॅरिटोन त्याच्याही वर, एफच्या पुढे गेला की ओठ आपोआप उघडतात आणि ‘ऊ’चा ‘ओ’ व्हायला लागतो. म्हणून उंच लिहू नका. मधल्या पट्टीत, कमी जोरात, श्वास चोरून चालू राहणारा ‘ऊ’ दाराआडून कितीतरी भयानक वाटतो. तुमचा ऑपेरा इंग्रजीत आहे आणि आयल्मर मॉडने अनुवादात ‘आय वोन्ट’ वापरून आवाज ‘ओ’वर नेला, तो गायकाला सोपा आहे. आणि मराठीत? ‘नको’. शेवटचा ‘ओ’ हवा तेवढा लांबवता येतो. कधीतरी मराठी आवृत्ती केलीत तर हा शब्द आयता मिळतो.

भाषेचा प्रश्न यातच आला. पूर्ण रशियन नको, कारण खोट्याच्या गप्पा प्रेक्षकाला त्या क्षणी कळायला हव्यात. वर सरटायटल (रंगमंचावर दाखवलेला अनुवाद) वाचेपर्यंत लिझा घड्याळ बघून मोकळी झालेली असते. बायको नवऱ्याला ‘जाँ’ अशी फ्रेंच हाक मारते ती मात्र ठेवा, सगळं घर त्या एका हाकेत आहे. अनुवादाच्या हक्कांचंही बघून घ्या. टॉलस्टॉय १९१० मध्ये गेला, मूळ मोकळं आहे. मॉड १९३८ मध्ये, कॉन्स्टन्स गार्नेट १९४६ मध्ये गेली, त्यामुळे ब्रिटनमध्ये त्यांचे अनुवादही मोकळे झाले. अलीकडच्या अनुवादातली एक ओळ जरी घेतलीत तरी लेखी परवानगी लागेल.

शेवटच्या पानांत एक जागा आहे जिथे मी मूळ रशियनचा आग्रह धरेन, निदान ऑर्केस्ट्रात. मुलगा त्याचा हात ओठांशी नेऊन रडतो, बायको समोर उभी असते. इव्हान इलिचला म्हणायचं असतं ‘प्रस्ती’, क्षमा कर. तोंडून निघतं ‘प्रपुस्ती’, मला जाऊ दे, वाट सोड. सुधारायची ताकद नसते, तो नुसता हात हलवतो. ज्याला समजायला हवं त्याला समजेल. दोन्ही शब्दांत जोर शेवटच्या अक्षरावर, फरक मधल्या एका लहानशा अक्षराचा. ऑर्केस्ट्रात आधी दोन स्वरांची आकृती वाजू द्या आणि गायकाच्या तोंडी तीच तीन स्वरांत येऊ द्या, मधला स्वर परका. मॉडने इथे इंग्रजीत ‘फरगिव्ह’ आणि ‘फोरगो’ अशी जोडी जमवली, तुम्हाला ती वापरता येईल. मराठीचा विचार करत मी कितीतरी दिवस घालवले, आणि मग एका संध्याकाळी पियानो बंद करताना सुचलं की मराठीत जीभ चुकायची गरजच नाही. ‘जाऊ दे’. विसरून जा, सोडून दे, आणि मला जाऊ दे. मरणाऱ्या माणसाने बायकोकडे बघून हे म्हटलं तर दोन्ही अर्थ एकदम खोलीत असतात.

तुम्हाला जवळचा नमुना हवा असेल तर गुस्ताव होल्स्टचा ‘सावित्री’ ऐका. महाभारतातली आपलीच कथा, १९१६ मध्ये लंडनला पहिल्यांदा झाली. तीन गायक, बारा वादक, विंगेत शब्दांविना गाणारा स्त्रियांचा कोरस, सगळं अर्ध्या तासात. सुरुवातीला वाद्यं नाहीत. मृत्यू दुरून, एकट्याने, सावित्रीला हाक मारत येतो. तुमच्या गोष्टीत मृत्यू असा गात येणार नाही, पण इतक्या थोड्या साधनांत केवढी मोकळी जागा ठेवता येते ते त्यात दिसेल.

तुम्ही शेवट लांब, उजळ कॉर्डवर केलाय, ‘मृत्यूच्या जागी प्रकाश होता’ या वाक्यामुळे. कॉर्ड चांगला आहे, पण तो त्या वाक्यापाशी वाजू द्या आणि तिथेच संपू द्या. कथेचं शेवटचं वाक्य त्यानंतर येतं: त्याने श्वास आत घेतला, अर्ध्यावर थांबला, अंग ताणलं आणि मेला. तुम्ही संगीतकार आहात, श्वास आत घेणं म्हणजे काय हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. कंडक्टरला अपबीट, म्हणजे स्वराआधीचा हात वर नेण्याचा इशारा, लिहून द्या. गायकाने, फुंकवाद्यांच्या वादकांनी, बो उचललेल्या सगळ्यांनी एकत्र श्वास घ्यावा, जसा ते तासभर प्रत्येक स्वराआधी घेत आलेत. डाउनबीट, म्हणजे स्वर सुरू करणारा ठोका, लिहू नका. फक्त कंडक्टरचा हात किती वेळ वर राहणार आणि दिवे त्याच्या आधी जाणार की नंतर, हे पहिल्याच तालमीत ठरवून टाका. नाहीतर कुणीतरी सवयीने वाजवतं.